सेकंदाला पाच

कुपवाडच्या एमआयडीसीत मी मशीनला अक्कल शिकवते. म्हणजे प्रोग्रॅम लिहिते. कटरनं किती खोल जायचं, कुठं थांबायचं, कुठनं परत यायचं, हे आकड्यांत लिहून दिलं की मशीन गपगुमान तसंच करतं. माणसांना तेच सांगायला गेलं तर दहा फाटे फोडतात. त्यामुळं माझं मशीनशी चांगलं पटतं आणि माणसांशी जेमतेम. वय चौतीस. लग्न राहून गेलं. सकाळी आष्ट्याहून स्कूटीवर निघायचं आणि संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या चुकवत परत यायचं, असं अकरा वर्षं चाललंय. हे अशासाठी सांगितलं, की पुढचं ऐकून कुणी मला हळव्या मनाची बाई समजू नये.

आमच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. त्यात अब्बांचं मिलिंग मशीन. वर कटर गरगर फिरत असतो, खाली लोखंडी टेबल. टेबलावर लोखंड बांधायचं, हँडलं फिरवून ते कटरखाली सरकवायचं आणि हवा तो आकार कोरून काढायचा. गुऱ्हाळाच्या घाण्याचा दात मोडला, विहिरीच्या पंपाचं कपलिंग गेलं, की लोक ते गोणपाटात गुंडाळून अब्बांकडं आणायचे. नावाची पाटी नव्हती. बसस्टँडवर उतरून कुणालाही 'कुतुबुद्दीन मिस्त्री' म्हटलं की तो हात करून दाखवायचा.

माझं लहानपण त्या शेडमध्ये गेलं. खोक्यावर बसून मी अभ्यास करायची आणि पितळेचे गरम कीस पायाशी येऊन पडायचे. त्यातले लांब, वळलेले कीस मी कानात अडकवायची आणि अम्मीच्या शिव्या खायची. साबणपाण्याचा आणि जळक्या तेलाचा वास माझ्या वह्यांना यायचा. शाळेत बाई वही हुंगून म्हणायच्या, "सुमैरा, गृहपाठ गॅरेजात करतेस काय गं?" गुऱ्हाळाचा हंगाम असला की कुणीतरी गरम काकवीचा तांब्या ठेवून जायचं. अब्बा बोटावर काकवी घेऊन माझ्या जिभेला लावायचे. त्या बोटालाही तेलाचाच वास यायचा. मला तो इतका आवडायचा की अजून कारखान्यात तेलाचा नवा डबा उघडला की मी जवळ जाऊन उभी राहते. तिथली मुलं हसतात. हसू देत.

अब्बांचे हात बघण्यासारखे होते. हँडल फिरवताना ते मापाच्या डायलकडं बघायचेच नाहीत, कान देऊन उभे राहायचे. मी घाई केली की म्हणायचे, "सुमे, लोखंड घाई करत न्हाई, तू कशाला करतीस?" 

तीन वर्षांपूर्वी त्याच हातांना कंप सुटला. आधी उजवा, मग डावा. सांगलीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. कंप थांबला नाही. मानसिंगकाकांच्या गुऱ्हाळाचा एक गिअर कापताना अब्बांचा हात हलला आणि चार दिवसांचं काम एका क्षणात भंगारात गेलं. मानसिंगकाका म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन ऊस करणारे, अब्बांचे शाळेपासूनचे दोस्त. ते म्हणाले, "जाऊ दे रं कुतुब, दुसरा करू." अब्बांनी मशीन बंद केलं. त्या दिवसापासून ते शेडमध्ये जायचे, बंद मशीनपाशी बसायचे आणि परत यायचे. घास तोंडापर्यंत जाईना म्हणून अम्मी भरवायला लागली. तेव्हा ते मान भिंतीकडं वळवून तोंड उघडायचे. माझे अब्बा माझ्या डोळ्यांदेखत आटत चालले होते. मला ते सहन होत नव्हतं.

मग मी ठरवलं, मशीन कॉम्प्युटरवर घ्यायचं. हँडलं काढायची, तिथं मोटारी बसवायच्या, जुने झिजलेले स्क्रू काढून नवे घालायचे आणि सगळं कंट्रोलच्या एका डब्याला जोडायचं. बटण दाबायला स्थिर हात लागत नाही. अब्बांनी नुसतं सांगायचं, मशीन करेल.

"मंजी मी मालक आन् ते गडी?" अब्बांनी विचारलं.

"आजवर कोण होतं मग?"

"आजवर मी गडी हुतो गं," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

बकरी ईदनंतर काम काढलं आणि श्रावणात संपवलं. रविवार आणि उरलेल्या सगळ्या रजा त्यात गेल्या. हँडल काढताना अब्बा शेजारी उभे होते. चाळीस वर्षांत त्याची मूठ एका बाजूनं झिजून त्यांच्या तळव्याची झाली होती. मी ते फडक्यात बांधून कपाटात ठेवलं. ते म्हणाले, "ठिवून काय करनार, वजन हाय नुसतं." पण कपाट लावल्यावर त्यांनी एकदा उघडून बघितलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवं किंवा दुरुस्त केलेलं मशीन पहिल्यांदा घरातल्या थोरल्या माणसाच्या हातानं चालवतात. म्हणून मी कंट्रोलला एक छोटं फिरतं चाक जोडलं. ते फिरवलं की टेबल तेवढंच सरकतं. अब्बांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि चाक धरलं. हात थरथरत होता, त्याबरोबर टेबलही थरथरत पुढं गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी एकदा नेलं, परत आणलं आणि चाक सोडलं.

संध्याकाळी अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली. "सुमे, लवकर ये. तुजे अब्बा बघ."

अब्बा आपल्या हातानं जेवत होते. आमटीत भाकरी कुस्करून, घास करून. एक थेंब सांडला नाही. अम्मीनं पदर तोंडाला लावला. मीही रडले, लाज कसली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कधी कधी गोळ्या उशिरा लागू पडतात. आम्ही मोहल्ल्यात शिरखुर्मा वाटला. लोक विचारत होते, अवेळी कसली ईद?

दुसऱ्या दिवशी मी पहिलं खरं काम लावलं. माप बरोबर आलं, पण कापलेल्या तोंडावर बारीक लाटा होत्या. नखानं कळतील एवढ्या. टेबल थांबवलं आणि त्याला डायल लावून बघितलं. डायल म्हणजे केसाहून बारीक हालचाल दाखवणारा काटा. टेबल उभं होतं आणि काटा हलत होता. इकडून तिकडं, तिकडून इकडं.

अशा गोष्टींना कारण असतं. अर्थिंग तपासलं. केबल बदलल्या. मोटारी अदलाबदल केल्या. कंट्रोलचा डबा कारखान्यातून मागून आणून दुसरा लावला. काटा हलतच होता. मोबाइलवर त्याचं चित्रण घेतलं आणि सावकाश लावून मोजलं. सेकंदाला पाच. दर पाचव्याला थोडी अडखळण.

माझ्याच मोबाइलमध्ये अब्बांच्या हाताचं जुनं चित्रण होतं, डॉक्टरांना दाखवायला घेतलेलं. ते मी मोजायला नको होतं. मोजलं. सेकंदाला पाच. दर पाचव्याला थोडी अडखळण.

मी मनाला समजावलं, की पहिल्या दिवशीचं काहीतरी कंट्रोलमध्ये नोंदलं गेलं असेल. पण डबा तर बदलला होता. मग मी समजावणं सोडून दिलं. अब्बा जेवत होते, दाढी स्वतः करत होते, मला आणखी काय हवं होतं? लाटांचं काय, पॉलिशला निघत होत्या.

संध्याकाळी एखादं काम उरकलं की मी आठाच्या सुमाराला मेन स्विच पाडायची. अब्बा हल्ली लवकर झोपायला लागले होते. कधी जेवता जेवताच. अम्मी खूश होती. "तीन वर्सं निजले न्हाईत गं नीट. आता कसं, तू शेडमधनं येईस्तवर घोरायला लागत्यात." सकाळी सहाला मी स्विच वर करायची आणि आतून त्यांचा खोकला यायचा. उठले.

रोज.

एका रविवारी दुपारी अब्बा अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मी शेडमध्ये. टरफलांचा आवाज येत होता, टक, टक. मी मेन स्विचवर हात ठेवला. कशासाठी, हे मला ठाऊक होतं. पाडला. दहा मोजले.

अंगणात आवाज नव्हता.

वर केला. काटा हलायला लागला आणि टक.

मी परत तसं केलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. काय सांगणार? पण वहीत नोंद ठेवायला लागले, तेवढीच माझी अक्कल. सकाळी स्विच वर केल्यापासून काटा हलेपर्यंत किती वेळ, खोकला येईपर्यंत किती. श्रावणात दोन्ही लगेच. गणपतीत वीस सेकंद. पितरपाटात दीड मिनिट. वेळ वाढत होता. घटस्थापनेपर्यंत चार मिनिटांवर गेला. ती चार मिनिटं मी काट्यासमोर उभी राहून जे काही देवाला म्हणायची, ते इथं लिहीत नाही.

घटस्थापनेनंतर मी स्विच पाडणं बंद केलं. लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर बसवला. अम्मीला म्हटलं, मशीनला हात लावू नको, नवं आहे. एवढंच म्हटलं. मानसिंगकाकांना काहीच म्हटलं नाही, आणि ती माझी चूक.

आम्ही मुसलमान, पण लोखंडाच्या धंद्यात खंडेनवमी सगळ्यांची असते. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मशीन पुसायचं, हार घालायचा, दिवसभर विसावा द्यायचा. दरवर्षी मानसिंगकाका शेतातल्या झेंडूचा हार घेऊन यायचे. कुंकवाची डबी खिशात असायची, पण कुतुबला चालेल न चालेल म्हणून काढायचे नाहीत. अब्बा चिडवायचे, "लाव की रं, लोखंडाला कुठं कळतंय कोन हिंदू कोन मुसलमान." चाळीस वर्षं हाच संवाद. दोघंही त्यावर दरवर्षी नव्यानं हसायचे.

यंदा खंडेनवमीला मी कारखान्यात होते. तिथंही पूजा असते. पेढे खाऊन एक वाजता घरी आले.

अम्मी दारात उभी होती. "फोन का उचलत न्हाईस?" पूजेत फोन बंद होता. "तुजे अब्बा बघ. डोळे उघडे ठिवून निजल्यात. हाक मारली तरी वो देत न्हाईत."

अब्बा खुर्चीत होते. तोंड जरा उघडं, एक हात शेडच्या दिशेला उचललेला. तो हवेत तसाच होता. श्वास चालू होता, फार सावकाश.

"कधीपासून?"

"नऊला मानसिंगभाऊजी आले. शेडमदी गेले. हे हितनंच त्यास्नी काय तर सांगत हुते आन् मधीच थांबले. मला वाटलं, डुलकी लागली."

मी शेडमध्ये धावले. मशीन पुसून लख्ख केलं होतं. झेंडूचा टपोरा हार. इन्व्हर्टर बंद, मेन स्विच खाली. फौजी माणूस, रीत म्हणजे रीत.

चार तास.

मी स्विच वर केला. पंखा फिरला, दिवे लागले, मोटारींनी टेबल धरून ठेवलं. डायल लावला.

काटा उभा होता.

पाच मिनिटं. दहा. अम्मीनं डॉक्टरांना फोन केला, तो आवाज ऐकू येत होता. वीस. मी टेबलावर दोन्ही हात ठेवले. गार होतं. "अब्बा," मी म्हटलं. लोखंडाला म्हटलं. "अब्बा, उठा की." पंचवीस. तीस. हारातलं एक फूल निखळून पडलं, तेवढीच शेडमध्ये हालचाल झाली.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला काटा हलला.

आतून अब्बांचा आवाज आला, मोठ्यानं, स्वच्छ.

"...आन् जाताना दार लावून जा गड्या, कुत्रं शिरतंय."

मानसिंगकाकांना जाऊन साडेचार तास झाले होते.

पुढचे दोन दिवस अब्बा अम्मीला 'बाई' म्हणत होते. "बाई, पानी द्या जरा." पस्तीस वर्षांच्या संसारानंतर अम्मीनं पाणी दिलं आणि मागं जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'फरीदा' अशी हाक मारली, तेव्हा ती तव्यावरची भाकरी तशीच सोडून धावली. डॉक्टर म्हणाले, छोटा झटका असेल.

मी वहीतल्या आकड्यांवरून पुढचा हिशेब मांडून बघितला. स्विच आणखी एकदा पडला तर काटा किती वेळानं हलेल? उत्तर कागदावर मावलं नाही. त्यानंतर मशीन बंद झालेलं नाही. दोन इन्व्हर्टर आहेत, पत्र्यावर सोलर आहे, मेन स्विचच्या पेटीला कुलूप आहे. कामं घेत नाही. मशीन चालू आणि काम बंद, हे बघून गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडतात. टेबल नुसतं उभं असतं, आणि बघणाऱ्याला दिसत नाही असं हलत असतं.

या गोष्टीला साडेचार महिने झाले. साडेचार महिन्यांत अब्बा झोपलेले नाहीत.

पहिल्यांदा अम्मीच्या लक्षात आलं. बाजेवर पडतात, डोळे छताला, हात छातीवर, अगदी स्थिर. सकाळी तसेच उठतात. गोळ्या दिल्या, मालीश केली, दर्ग्याचा धागा बांधला. त्यांची तक्रार नाही. खातात, नमाज पढतात, शेंगा फोडतात. पण डोळे आत गेलेत. बोलता बोलता मध्येच म्हणतात, "कंचा वार?" सांगितलं की मान हलवतात, पण तो वार त्यांच्यासाठी आदल्या दिवसापासून वेगळा झालेलाच नसतो.

रमजान तोंडावर आलाय. परवा शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून अब्बा आले आणि अंगणात बाजेवर आडवे झाले. मी रजेवर होते. त्यांनी मला जवळ बसवलं.

"सुमे, एक दिस बंद ठेव ते."

"काय?"

"येडं पांघरू नगंस. माज्या हातानं चालवलंया मी. मला कळत न्हाई व्हय?"

"कधीपासून कळतंय?"

"पयल्या दिसापासनं. चाक सोडलं तवाच. तू लय खूश हुतीस. म्हनलं, ऱ्हाऊ दे." त्यांनी डोळे मिटून बघितले, परत उघडले. "पर आता लय दमलोय गं. लोखंडाला सुदीक वर्सातनं एक दिस असतो."

"आणि नाही उठलात तर?"

"तर निजलो म्हनायचं."

मी खूप रडले. आयुष्यात एवढी कशासाठी रडले नव्हते. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, माझा विचार करा, अम्मीचा करा. मी काय एवढ्यासाठी केलं का हे? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लहानपणी माझे पाढे ऐकायचे तसं. मग एवढंच म्हणाले, "जा. बंद करून ये. मी हितं पडतो."

मी शेडमध्ये गेले. पेटीचं कुलूप काढलं. मेन स्विचवर हात ठेवला. काटा हलत होता. सेकंदाला पाच. मला तो आता आवाजासारखा ऐकू येतो.

किती वेळ उभी होते, सांगता येत नाही.

मग कुलूप परत लावलं. शेडची ट्यूब तेवढी बंद केली, दार ओढून घेतलं, कडी मोठ्यानं लावली आणि बाहेर आले.

अब्बांनी अंगावर चादर घेतली होती. उशी नीट केली होती. प्रवासाला निघालेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता, हलका. मी शेजारी बसले.

"केलं बंद, अब्बा."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचा हात धरला. स्वयंपाकघरात अम्मी काहीतरी तळत होती, त्याचा वास येत होता. बराच वेळ गेला.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही.

"बंद केलंस, व्हय?"

"व्हय, अब्बा."

"मग सुमे," ते म्हणाले, "हे कोन बोलतंय?"